औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स, केटो आहार आणि पोटातले जिवाणू

कृष्णाकाठची (सांगली)

आकडी येणाऱ्या मुलांच्या आयांचा आमचा सांगली-मिरजेकडचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सध्या तिथे एकच प्रश्न फिरतोय: "पोटातल्या जिवाणूंनी फिट्स थांबतात म्हणे, मग कुठली कॅप्सूल द्यायची?" तिथे तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देऊन काही पुरं पडत नाही, म्हणून इथे धागा काढतेय. माझा मुलगा डॉक्टरांच्या देखरेखीखाली केटो आहारावर (भरपूर तूप-तेल, अगदी कमी पिष्ट) आहे. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर जे मिळेल ते वाचते आणि समजलं नाही तर त्याच्या डॉक्टरांना विचारते.

माझं म्हणणं आधीच सांगते. आहार हा या आजारावरचा सिद्ध झालेला उपचार आहे. तो का लागू पडतो, याच्या कारणांमध्ये जिवाणूंचा हात असावा असं दिसू लागलंय. पण जिवाणूंची कॅप्सूल हा अजून उपचार नाही. या तिन्हींची सरमिसळ झाली की घरचे लोक चालू गोळ्या परस्पर बंद करतात, आणि त्याचा परिणाम थेट आयसीयूत दिसतो.

हा आहार सगळ्याच फिट्ससाठी नाही. योग्य निवडलेली दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणायचं, अशी व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये केली. साधारण तीनातल्या एका रुग्णाची ही गत होते. पुढे तिसरं, चौथं औषध वाढवत नेलं तरी फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता कमीच होत जाते. अशा वेळी डॉक्टर आधी शस्त्रक्रियेचा विचार करतात (मेंदूत एकाच जागी व्रण असेल तर ती मोठा फरक पाडू शकते, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होतात), आणि ते शक्य नसेल तर आहाराचा.

उपासाने फिट्स कमी होतात हे फार जुनं निरीक्षण आहे. पण मूल किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपासात शरीरात जी कीटोन द्रव्यं तयार होतात ती भरपूर तूप-तेल आणि अगदी कमी पिष्ट असलेल्या जेवणानेही तयार करता येतील. 'केटोजेनिक' हे नाव त्यांनीच दिलं. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सचं औषध आलं. गोळी देणं सोपं, त्यामुळे आहार मागे पडला. १९९० च्या दशकात चार्ली नावाच्या अमेरिकन मुलाच्या फिट्स या आहाराने थांबल्या आणि त्याचे वडील, दिग्दर्शक जिम अब्राहम्स, यांनी १९९४ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली. तिथून डॉक्टरांचं लक्ष पुन्हा इकडे वळलं.

नीट चाचणी व्हायला मात्र २००८ उजाडलं. लंडनमध्ये १४५ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. तीन महिन्यांनी आहाराच्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या, आहार न दिलेल्या दुसऱ्या गटात ६ टक्के मुलांच्या. मला जास्त जवळची वाटते ती आपल्या दिल्लीच्या एम्सची २०१३ ची चाचणी. तिथे १०२ मुलांचे दोन गट करून एकाला मॉडिफाइड ॲटकिन्स हा जरा सैल प्रकार दिला: ५२ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. म्हणजे हे फक्त परदेशी चीज-बेकन खाणाऱ्यांसाठी नाही. पण तेच आकडे उलट बाजूनेही वाचायला हवेत. जवळपास निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना पुरेसा फरक पडला नाही. तेव्हा तीन महिने काटेकोर करून पाहायचं, फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने थांबवायचं. त्यात आईने स्वतःला दोष लावून घ्यायचं काही कारण नाही.

आता जिवाणू. कीटोन हे मेंदूचं दुसरं इंधन, म्हणून फिट्स कमी होतात, असं पूर्वी सरळ मानलं जायचं. पण रक्तातले कीटोन आणि फिट्स कमी होणं यांचा मेळ दर वेळी बसत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतल्या इलेन शाओ यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केला. केटो आहाराने उंदरांना झटके येण्याचं प्रमाण कमी झालं. पण ज्यांच्या आतड्यात जिवाणूच नव्हते, किंवा अँटिबायोटिक देऊन ते मारले होते, त्यांना तोच आहार देऊनही संरक्षण मिळालं नाही. आहाराने वाढणारे दोन जिवाणू, ॲकरमॅन्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइड्स, परत सोडल्यावर ते मिळालं. तेही दोघं मिळून, एकट्यादुकट्याने नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारे लोक इथे आहेत, त्यांनी पुढचं लिहावं.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मीच लिहिते. ओट्यावर एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा कायम असतो. कढईतून ताटलीत, ताटलीतून तोंडात, असं करताना भांड्याला तूप चिकटून राहतं, आणि तेच तर औषध. म्हणून रबरी उलथन्याने वाटी निपटून शेवटचा घास त्यातच घोळवून द्यायचा. अंडं, पनीर, खोबरं, लोणी, मेथी-शेपूची भाजी तुपात परतून, फ्लॉवर किसून त्याचा भात. लघवीतले कीटोन दाखवणारी पट्टी रोज पाहायची. फिकी राहिली की कालच्या दिवसात काय चुकून पोटात गेलं ते शोधायचं, गर्द जांभळट झाली की बरं वाटतं.

आणि घरातल्या सगळ्यांनी साथ द्यायला हवी. आजीने मायेने दिलेला पेढा, शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट, देवळातला प्रसाद, यातलं काहीही चालत नाही. सासूबाईंनी प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला फार मोठा आधार मिळाला.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. ताई, फार नेमकं लिहिलंय.

---

जतचा_बागायतदार

ताई नमस्कार. माझ्या पुतण्याची पोरगी आहे, सात वर्षांची. औषधं तीन चालू आहेत, तरी आठवड्याला आकडी येतेच. आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, आणि बेदाण्याचं शेड घरचंच, पोरं येता-जाता मूठभर तोंडात टाकतात. भाकरी तरी चालते का? आणि मेंदूच्या डॉक्टरांनी हे आम्हाला अजून सांगितलं का नाही?

---

कृष्णाकाठची

दादा, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं ७० ग्रॅमच्या आसपास असतात. ५० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर ३५ ग्रॅम. मॉडिफाइड ॲटकिन्समध्ये लहान मुलांना सुरुवातीला दिवसाला १० ग्रॅम एवढीच मुभा असते. म्हणजे एका भाकरीत तीन दिवसांहून जास्तीचा वाटा संपला. बेदाणे तर पूर्ण बंद, वजनाच्या तीन चतुर्थांश कर्बोदकंच.

डॉक्टरांनी सांगितलं नाही याची कारणं बरीच असतात. त्यांच्याकडे आहारतज्ज्ञ नसते, किंवा घरचे करू शकतील असं त्यांना वाटत नाही. तुम्ही स्वतःहून विचारा. "औषधांना दाद देत नाही, तर शस्त्रक्रिया किंवा केटो आहारासाठी तपासणी करता येईल का?" एवढंच वाक्य पुरतं.

---

मिरजेची_आहारतज्ज्ञ

मी या कामात आहे, म्हणून थोडी भर घालते. जतच्या दादांनी कृपा करून यूट्यूब बघून उद्यापासून सुरू करू नये. काही मुलांच्या शरीरात चरबी जाळण्याच्या यंत्रणेतच जन्मजात दोष असतो, किंवा चरबी जाळायला लागणाऱ्या कार्निटिनची कमतरता असते. त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी रक्त-लघवी तपासण्या, लिपिड, यकृत, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि चयापचयाच्या दोषांची चाचणी. व्हॅलप्रोएट चालू असेल तर यकृतावर जास्त लक्ष. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर मुतखडा आणि रक्तातली आम्लता यांची काळजी. उलट ग्लुट-१ नावाच्या वाहकाची कमतरता असलेल्या मुलांना, ज्यांच्या मेंदूत साखर नीट पोचत नाही, हा आहारच पहिला उपचार आहे.

पूर्ण केटोत चार ग्रॅम स्निग्धांशाला कर्बोदकं आणि प्रथिनं मिळून एक ग्रॅम असं प्रमाण असतं, म्हणजे जवळपास ९० टक्के ऊर्जा तुपा-तेलातून. आपल्याकडच्या घरांना ते जड जातं. एम्सनेच २०२० मध्ये तीन प्रकारांची तुलना छापली: पूर्ण केटो, मॉडिफाइड ॲटकिन्स आणि कमी ग्लायसेमिक आहार. चोवीस आठवड्यांनी फिट्समधली घट मध्यकाने अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्के होती, आणि तिसऱ्या प्रकारात त्रास सगळ्यात कमी. त्या तिसऱ्या प्रकारात दिवसाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं चालतात, फक्त हळू पचणारी. ज्या घरात सगळे शेतावर जातात आणि पोरं आजीपाशी असतात, तिथे मी बहुतेक वेळा याचाच विचार करते. काटेकोर आहार चार दिवस पाळून सोडण्यापेक्षा सैल आहार वर्षभर टिकलेला परवडतो.

आणखी एक. औषधांची सिरप बहुतेक गोड असतात. फिट्सचं सिरप, तापाचं, खोकल्याचं, सगळीच. कर्बोदकं तिथूनही जातात. गोळी किंवा बिनसाखरेचं सिरप मिळेल का ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, परस्पर बदलायचं नाही.

---

कराडचा_सूक्ष्मजीववाला

कृष्णाकाठच्या ताईंनी पुढचं लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.

उंदरांच्या त्या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की जिवाणू मेंदूपर्यंत जात नाहीत. ते आतड्यातच राहतात, पण त्यांच्यामुळे गॅमा-ग्लुटामिल गटातली काही अमिनो आम्लं आतड्यात आणि रक्तात कमी होतात. त्याच वेळी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागात ग्लुटामेटच्या तुलनेत गाबाचं प्रमाण वाढलेलं दिसतं. गाबा मेंदूतल्या पेशींना आवरतं, ग्लुटामेट चेतवतं. फिट म्हणजे पेशी एकाच वेळी बेलगाम पेटणं, तेव्हा गाबाचं पारडं जड झालं की झटका आवरतो.

दूध तेच असलं तरी विरजण कुठलं यावर दही ठरतं, तसा आहार तोच असला तरी पोटात कोण राहतंय यावर त्याचा परिणाम ठरत असावा. काही मुलांना फरक पडतो आणि काहींना नाही, याचं एक कारण इथे असू शकेल. 'असू शकेल' यापुढे मी जाणार नाही.

२०२३ मध्ये त्याच गटाने दहा मुलांच्या विष्ठेचे नमुने घेतले, आहार सुरू करण्याआधीचे आणि साधारण महिनाभरानंतरचे, आणि ते उंदरांच्या पोटात सोडले. नंतरचे नमुने मिळालेल्या उंदरांना झटके सहजी येईनात. म्हणजे माणसाच्या जिवाणूंमध्येही काहीतरी आहे. पण संरक्षण मिळालं ते उंदरांना, हे विसरायचं नाही.

दुसरी बाजूही आहे. स्वीडनमध्ये १२ मुलांचा अभ्यास झाला. तीन महिन्यांच्या केटोनंतर त्यांच्या पोटातले उपयोगी मानले जाणारे बायफिडोबॅक्टेरिया घटले आणि ई. कोलाय (यातले काही प्रकार त्रासदायक) वाढले. आहारातले तंतू (फायबर) कमी पडले की असं होणं साहजिक आहे. शाओ यांच्या गटाने नंतर केटो आहारासाठीच्या तयार फॉर्म्युल्यांमधल्या तंतूंवरही काम केलं. उंदरांमध्ये तंतू असलेला फॉर्म्युला झटके रोखायला जास्त उपयोगी ठरला. म्हणून आहारतज्ज्ञ ताईंना माझी विनंती, मुलांच्या ताटात मोजून का होईना, पालेभाजी, जवस, तीळ राहू द्या.

---

मिरजेची_आहारतज्ज्ञ

सर, अनुमोदन. मेथी, चाकवत, शेपू, दोडका, जवसाची चटणी हे मी मुद्दाम बसवते. बद्धकोष्ठता हा या मुलांचा रोजचा त्रास, त्यालाही उपयोग होतो.

---

हरिपूर_रोड

एवढं सगळं असेल तर सरळ प्रोबायोटिकच (जिवाणूंची पावडर) का देऊ नये? माझ्या भाचीला एक महागडी पावडर सुरू केली आणि तिच्या फिट्स कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ताटली निपटत बसण्यापेक्षा ते सोपं नाही का? तुम्ही लोक सोप्या उपायाला उगाच नाही म्हणता, असं वाटतं.

---

कराडचा_सूक्ष्मजीववाला

हरिपूर रोड, तुमची भाची बरी आहे हे वाचून खरंच आनंद झाला. पण बघा, फिट्स आपोआपही कमी-जास्त होतात. फार वाढल्या की आपण नवं काहीतरी सुरू करतो, आणि त्यानंतर त्या उतरतातच, कधी त्या उपायाने, कधी तशाच. हे वेगळं काढायला तुलनेचा गट लागतो. स्पेनमध्ये ४५ मोठ्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं, २८.९ टक्के लोकांच्या फिट्स निम्म्याने किंवा जास्त कमी झाल्या. आशा वाटावी असा आकडा आहे, पण त्यात तुलनेचा गट नव्हता. चीनमधल्या एका तरुणीला आतड्याच्या आजारासाठी दुसऱ्याचे जिवाणू दिले आणि तिच्या फिट्सही थांबल्या, अशी नोंद २०१७ मध्ये आली. ती एकच रुग्ण.

शिवाय आपल्या दह्यात आणि दुकानातल्या बहुतेक पावडरींत असतात ते लॅक्टोबॅसिलस वगैरे. ॲकरमॅन्सिया आतड्याच्या श्लेष्मल थरात राहतो आणि त्यावरच जगतो. घरच्या विरजणात तो सापडत नाही. 'जिवाणू आहेत' एवढ्यावर कुठलीही पावडर त्याच कामाची होत नाही. डॉक्टरांना सांगून देत असाल तर बहुतेक मुलांना फारसा अपाय नाही, पण तिच्या भरवशावर गोळी चुकवू नका.

---

हरिपूर_रोड

गोळ्या चालूच आहेत. आणि पावडरीबद्दल डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते या वेळी सांगतो.

---

साताऱ्याची_मी

मी स्वतः रुग्ण आहे, वय ३१. धागा सगळा मुलांवर आहे म्हणून विचारते, मोठ्यांना हे चालतं का? आणि आमच्याकडे अजून 'फेफरं आहे' म्हटलं की स्थळं परत जातात. १९९९ मध्येच कायद्यातून अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण म्हणून काढून टाकलं, हे सांगून सांगून माझी आई दमली.

---

मिरजेची_आहारतज्ज्ञ

चालतं. मोठ्यांना बहुधा मॉडिफाइड ॲटकिन्स देतात, दिवसाला १५ ते २० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात. अडचण टिकवण्याची येते, कारण ऑफिस, लग्नकार्यं, प्रवास. फक्त लग्नानंतर मूल हवं असेल तर आहार आणि औषधं दोन्हींबद्दल आधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला, विशेषतः व्हॅलप्रोएट चालू असेल तर. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

कृष्णाकाठची

साताऱ्याची मी, तुमच्या आईंना माझाही नमस्कार.

एक राहिलं ते लिहिते. मागच्या पावसाळ्यात मुलाला उलट्या-जुलाब झाले आणि एका दवाखान्यात न्यावं लागलं. मी सांगत असतानाच त्याला ग्लुकोजचं सलाइन लावलं. दोन दिवसांत पट्टी फिकी आणि फिट्स परत. तिथल्या सिस्टरना या आहाराची माहिती असण्याचं कारण नव्हतं, पण माझं ऐकून एक फोन तरी करता आला असता. तेव्हापासून त्याच्या डॉक्टरांच्या सहीचं कार्ड लॅमिनेट करून दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये ठेवलंय: मूल केटो आहारावर आहे, साखर कमी झाली असल्याशिवाय ग्लुकोज नको, औषधं बिनसाखरेची, डॉक्टरांचा नंबर. ज्यांची मुलं या आहारावर आहेत त्यांनी हे आजच करून घ्या. शाळेतही एक प्रत द्या, आणि सोबत फिट आली तर काय करायचं तेही: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर ठरवून दिलेला नाकातला स्प्रे आणि लगेच हॉस्पिटल.

---

जतचा_बागायतदार

सोमवारी मिरजेला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुतण्या आणि सूनबाई दोघंही येणार. अँटिबायोटिकचं ते उंदरांचं वाचून सूनबाई घाबरली आहे, पोरीला सर्दी-तापात मेडिकलमधून आणून देतो आम्ही. सोबत काय काय न्यायचं?

---

कराडचा_सूक्ष्मजीववाला

दादा, डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर द्यायचंच. जंतुसंसर्ग आणि ताप यांनी फिट्स वाढतात. मेडिकलमधून स्वतःहून आणणं मात्र बंद करा. साध्या सर्दीत त्याचा उपयोगच नसतो.

---

मिरजेची_आहारतज्ज्ञ

जुने सगळे ईईजी आणि एमआरआयच्या फिल्म, नुसते रिपोर्ट नव्हे. चालू औषधांची पाकिटं आणि बाटल्या तशाच घेऊन या, म्हणजे साखर किती ते लेबलवर बघता येईल. फिट कधी आली आणि किती वेळ चालली याची आजपासून वही करा, जमलं तर एखाद्या फिटचा मोबाइलवर व्हिडिओ. मुलगी तीन दिवस काय आणि किती खाते ते लिहा, बेदाण्याच्या मुठींसकट. आणि घरात स्वयंपाक कोण करतं त्यांना आणा. आजी करत असतील तर आजींना.